कपाट आवरताना कमरेलाही विचारा

नवरात्र तोंडावर आले की कोल्हापुरात धुण्याची लगबग सुरू होते. पंचगंगेच्या घाटावर, गच्च्यांवर, अंगणातल्या दोऱ्यांवर वाकळा, चादरी आणि पडदे वाळत पडतात. चार महिने पावसाने कोंडून गेलेली घरे मोकळी होतात. अंथरूण-पांघरूण झाले की पाळी येते कपड्यांच्या कपाटाची आणि तिथे गाडी अडते. अर्धे कपाट असे असते की ते घालवत नाही आणि टाकवतही नाही.

काय ठेवायचे आणि काय काढायचे याचे सल्ले हल्ली भरपूर मिळतात. वर्षभर न घातलेले काढा, रंग एकमेकांशी जुळणारे ठेवा, आठवड्याचे कपडे आधी ठरवा. सल्ले वाईट नाहीत, पण त्यात ज्याच्या अंगावर कपडे चढतात त्या अंगाचा विचार क्वचितच असतो. ऑफिसात जाणारा माणूस रोज आठ-दहा तास त्याच कपड्यांत असतो, त्यातला बराच वेळ खुर्चीवर आणि थोडा दुचाकीवर. कमरेवर, जांघेत आणि मानेशी काय घडते याची नोंद त्वचा रोज करत असते. कपाट आवरताना ती नोंद वाचावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

नाडीचा वळ

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ती लिहिली होती. एक स्त्री सत्तर वर्षांची. तिच्या कमरेच्या बाजूला दीड वर्ष न भरलेली जखम होती, जिथे परकराची नाडी बसे नेमकी तिथे. दुसरी साठीच्या पुढची. ती परकर न घालता लुगडे थेट कमरेशी घट्ट बांधत असे, तेही चाळीस वर्षे, रोज. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासल्यावर त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतर बांधण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाविषयी लिहून ठेवले होते. कपडा बदलला, पण कारण तेच राहिले. एकाच जागी वर्षानुवर्षे दाब आणि घर्षण, त्यात घाम. आधी त्वचा काळवंडते किंवा पांढुरकी पडते, खाज सुटते, साली निघतात. मग भेगा पडतात, बऱ्या होतात, पुन्हा पडतात. असा घाव वर्षानुवर्षे चिघळत राहिला तर क्वचित त्यातून कर्करोग उद्भवतो.

क्वचित हा शब्द महत्त्वाचा आहे. साडी नेसल्याने कर्करोग होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. आपल्या कित्येक पिढ्या साडीत वावरल्या. अडचण साडीची नसून गाठीच्या घट्टपणाची आहे. निऱ्या सुटू नयेत म्हणून नाडी आवळायची, साडीचे वजन वाढले की आणखी आवळायची, ही सवय बदलायची आहे.

इथे साधे भौतिकशास्त्र कामाला येते. तेच बल जितक्या कमी जागेवर पडते तितका दाब वाढतो. बारीक नाडी कातडीत रुतते, दोन-तीन बोटे रुंद पट्टी रुतत नाही. म्हणून आवराआवरीत बारीक, पीळ पडलेल्या नाड्या काढून तिथे रुंद सुती पट्टी घालून घ्यावी. बांधण्याची जागाही रोज थोडी वरखाली करावी. परकराऐवजी हल्ली मिळणारा अंगाबरोबर घट्ट बसणारा ताणाचा परकर समारंभात दोन तास ठीक आहे. ऑफिसच्या दहा तासांसाठी आणि आपल्या उकाड्यासाठी तो नव्हे.

पट्टा, जीन्स आणि मांडीतल्या मुंग्या

पुरुषांनी हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकू नये. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, मुंग्या किंवा आग घेऊन येणारे लोक बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसतात. बहुतेकांना वाटते की मणक्यात काही तरी झाले. मणक्याचा त्रास नाही ना, हे तपासावे लागतेच. पण पुष्कळदा कारण जांघेच्या वरच्या कोपऱ्यात सापडते. मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना पुरवणारी नस तिथून जाते आणि पोटाखाली आवळलेला पट्टा किंवा घट्ट जीन्स तिला दाबते. पोट सुटलेले असेल तर दाब दोन्हीकडून येतो. पट्टा सैल करणे हाच कित्येकांच्या उपचाराचा मोठा भाग ठरतो.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातली २०१५ साली प्रसिद्ध झालेली एक नोंद तर आजच्या विषयाला फारच जवळची आहे. पस्तीस वर्षांची एक स्त्री नातेवाइकाला घर बदलायला मदत करत होती. घट्ट जीन्स घालून ती तासन्‌तास उकिडवी बसून कपाटे रिकामी करत होती. संध्याकाळी घरी जाताना पायांत जोर राहिला नाही, ती पडली आणि कित्येक तास उठू शकली नाही. पोटऱ्या इतक्या सुजल्या होत्या की रुग्णालयात जीन्स कापून काढावी लागली. चार दिवसांनी ती चालू लागली. तेव्हा कपाट आवरायला बसताना तरी सैल कपडे घाला.

आवळलेल्या पट्ट्याचा आणखी एक परिणाम म्हणजे छातीतली जळजळ. ग्लासगोच्या संशोधकांनी निरोगी लोकांवर केलेल्या प्रयोगांत कमरेला पट्टा आवळल्यावर पोटातले आम्ल अन्ननलिकेकडे जास्त चढते असे आढळले. डबा खाऊन खुर्चीवर बसल्यावर रोज जळजळत असेल, तर गोळीच्या आधी पट्ट्याचे एक भोक सोडून बघायला हरकत नाही.

जुनी पँट खोटे बोलत नाही

कपाटात तळाशी एक पँट असतेच. ‘थोडे वजन कमी झाले की होईल’ म्हणून ठेवलेली. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे प्राध्यापक रॉय टेलर मधुमेहावर दीर्घकाळ संशोधन करत आले आहेत. त्यांचा एक आडाखा सोपा आहे. एकविसाव्या वर्षी जी पँट बसत होती ती आज बसत नसेल, तर तुमच्या शरीराला पेलवेल त्याहून जास्त चरबी साठलेली असण्याची शक्यता आहे. मग वजनाचा काटा काही म्हणो.

भारतीयांसाठी हे अधिक लागू पडते. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, ही ठेवण सर्रास दिसते. म्हणून भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानतात. पँटीवरचा आकडा मात्र धरू नका. ती पोटाखाली बसते, त्यामुळे पोट वाढले तरी आकडा तोच राहू शकतो. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून मोजा.

बाळंतपणानंतर किंवा वयानुसार शरीर बदलते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. न होणाऱ्या कपड्यांचा ढीग रोज डोळ्यांसमोर ठेवून स्वतःला टोचत राहण्यात अर्थ नाही. मापासाठी एक पँट ठेवा, बाकीच्या देऊन टाका. आणि घेर मर्यादेबाहेर असेल तर या दसऱ्याला साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

ओली जीन्स आणि गजकर्ण

गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्णाने, म्हणजे नायट्याने, देशभरातल्या त्वचाविकारतज्ज्ञांना जेरीस आणले आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा हा आजार आता महिनोन्‌महिने रेंगाळतो. यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे वेगळे नाव मिळाले. नेहमीच्या एका औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमे या दुखण्यात तेल ओततात. दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी आत पसरत जाते.

यात कपड्यांचा वाटा मोठा आहे. पावसात दुचाकीवरून यायचे, मांड्यांपाशी भिजलेल्या जीन्सवर दिवसभर बसायचे, संध्याकाळी ती खुंटीला लावायची आणि उद्या पुन्हा चढवायची. बुरशीला याहून चांगले घर मिळणार नाही. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पॉलिस्टरमध्ये घाम अंगावरच चिकचिकतो. पण जाड सुती जीन्स भिजली की वाळतच नाही, हेही लक्षात ठेवावे. आपल्या हवेला पातळ, सैल विणीचे सुती कापड उत्तम. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालू केला, तेव्हापासून असे कापड आपल्या दाराशी विणले जात आहे.

घरात कोणाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे, टॉवेल आणि अंथरूण वेगळे ठेवा. कढत पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा आणि शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. अंतर्वस्त्रे आणि मोजे रोज बदला. एकदा घातलेली पँट धुतलेल्या कपड्यांच्या घडीत परत ठेवू नका. इलॅस्टिक सैल पडले म्हणून अंतर्वस्त्रे टाकतात तशी ती काचत असतील तरीही टाकावीत.

नव्या कपड्यांबाबत एक सूचना. सुरकुत्या न पडणाऱ्या शर्टांना फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या रसायनांचा हात दिलेला असू शकतो आणि गडद कापडावर जादा रंग असतो. काहींना त्याने पुरळ येते. दुकानातून आणलेला कपडा एकदा धुऊनच घाला. बेंबीखाली वर्तुळाकार खाज असेल तर पट्ट्याच्या बक्कलातले किंवा जीन्सच्या बटणातले निकेल तपासा.

डांबरगोळ्यांचा विसरलेला धोका

कपाट आवरून झाले की कप्प्यांत डांबरगोळ्या टाकायची आपली पद्धत आहे. त्या कसरीच्या अळ्यांसाठी असतात आणि या अळ्या लोकर व रेशीम खातात. सुती शर्ट-पँटींना त्यांची गरजच नाही. ओलसरपणावर आणि बुरशीवर तर त्यांचा काही उपयोग नसतो. कपाटातली बुरशी म्हणजे गजकर्ण नव्हे, पण दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना तिचा त्रास होतो. तिच्यावर उपाय ऊन आणि वारा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, दारे दिवसभर उघडी ठेवा आणि कपडे पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवू नका.

या गोळ्यांतल्या नॅप्थलीनचा खरा धोका तान्ह्या बाळांना आहे. काही बाळांच्या रक्तपेशींत ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचे विकर जन्मतः कमी असते. मुलांत हे अधिक आढळते. आधीच्या बाळाची जपून ठेवलेली झबली, कुंच्या आणि दुपटी कपाटातून काढून तशीच घातली, तर नॅप्थलीनच्या वाफा श्वासातून आणि कातडीतून आत जातात. अंगाला तेल लावलेले असेल तर अधिकच. अशा बाळाच्या रक्तपेशी भराभर फुटतात आणि कावीळ इतकी चढू शकते की मेंदूला इजा व्हावी. घरात बाळंतपण असेल तर डांबरगोळ्या पूर्ण हद्दपार करा. ठेवणीतले कपडे धुऊन, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात टाकूनच वापरा. आणि गोळ्या खाऊ समजून तोंडात घालणारी रांगती मुले विसरू नका.

हिशेब जमवताना

ऑफिसच्या कपड्यांना हल्ली नियमही असतात. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांसाठी आणि मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या. नीटनेटके राहायला आवळून राहावे लागत नाही, हे त्या सांभाळतानाही लक्षात ठेवता येते. प्रत्येक पँट, कुर्ता आणि परकर घालून दहा मिनिटे खुर्चीवर बसा. उभे राहून ठीक वाटणारा कपडा बसल्यावर काचतो. कमरेत दोन बोटे सहज जायला हवीत, कॉलरमध्येही. रात्री कपडे काढल्यावर जिथे रोज वळ दिसतो, तो कपडा बाहेर काढा.

पाच दिवसांच्या ऑफिसला सहा-सात वरचे कपडे आणि चार खालचे पुरतात. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून एखादा जास्त. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला पुरते सुकायला एक दिवस मिळतो. बाकीचे बोहारणीला द्या, वाकळेला लावा किंवा दिवाळीच्या तोंडावर उभ्या राहणाऱ्या ‘माणुसकीच्या भिंती’वर नेऊन ठेवा. देताना धुऊन, उन्हात वाळवून द्या. घेणाऱ्याला आपले गजकर्ण नको.

आणि स्वतःचे कपाट झाले की घरातल्या आजीची, आईची ट्रंकही उघडा. त्यांच्या परकरांच्या नाड्या बदलून द्या. बदलता बदलता कमरेवर काळा पट्टा आहे का, खाज सुटते का, एखादी जखम आहे का, हे विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो नाडीचा घट्टा असतो आणि घट्ट्यासाठी कोणी दवाखान्यात जात नाही. तीन-चार आठवड्यांत न भरलेली, कडा कडक झालेली किंवा रक्त येणारी कमरेवरची जखम डॉक्टरांना दाखवायलाच हवी. लवकर सापडली तर एवढ्याशा शस्त्रक्रियेत ती निभावते.