फाइलवरची तारीख कुणाची?

कोयनेचा भूकंप कधी झाला, हे पाटण तालुक्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा. 11 डिसेंबर 1967, पहाटे. घड्याळात 4 वाजून 21 मिनिटं झाली होती. जगभरच्या भूकंपांच्या याद्यांत मात्र हाच भूकंप 10 डिसेंबरला, 22:51 वाजता नोंदलेला सापडतो. चूक कुणाचीच नाही. भूकंपशास्त्रज्ञ यूटीसी ही जागतिक वेळ पाळतात आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे असतं. किल्लारीचंही तेच: आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993, याद्यांत 29.

कॉम्प्युटरमधल्या फायलींच्या तारखा ‘आपोआप’ बदलल्याची तक्रार कुणी केली, की मी आधी फरक किती आहे ते विचारतो. बरोब्बर साडेपाच तासांचा असेल तर फाइलला कुणी हात लावलेला नसतो, फक्त घड्याळांची भाषा जुळलेली नसते. कराड-सांगलीच्या इंजिनिअरिंग होस्टेलांत एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारी मुलं असतात. मशीनच्या आतलं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचतं, लिनक्स सहसा यूटीसी म्हणून. एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ साडेपाच तास सरकतं, आणि इंटरनेटवरून ते दुरुस्त होण्याआधी जी फाइल जतन होईल तिच्यावर चुकीची वेळ बसते. तारीख पुसली गेलेली एखादी फाइल ‘1 जानेवारी 1970, पहाटे 5:30’ असं दाखवते, त्यामागेही हेच गणित. युनिक्स घराण्यातल्या यंत्रणा 1970 च्या आरंभापासून सेकंद मोजतात; शून्य सेकंद म्हणजे ग्रिनिचला मध्यरात्र, साताऱ्यात पहाटेचे साडेपाच.

मुळात ही तारीख फाइलच्या आत नसतेच. जमीन शिवारात आणि सातबारा तलाठ्याकडे, तसा मजकूर डिस्कवर एकीकडे आणि त्याची नोंद दुसरीकडे. नोंदीत निदान तीन वेळा असतात: फाइल या डिस्कवर केव्हा तयार झाली, मजकूर शेवटचा केव्हा बदलला, शेवटची केव्हा उघडली. तिसरीवर फार विसंबू नये. प्रत्येक वेळी ती लिहीत बसलं तर डिस्कचं काम वाढतं, म्हणून विंडोजने व्हिस्टात ती लिहिणं मुळातच बंद ठेवलं होतं आणि लिनक्सही ती कधीमधीच लिहितं.

आता सांगलीचा महापूर घ्या. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. दोन्ही पुरांचे फोटो घराघरांतल्या पेन ड्राइव्हवर एकत्र पडलेले आहेत, आणि कोणता फोटो कोणत्या पुराचा हे फाइलच्या तारखेवरून ठरवायला गेलं की घोळ होतो. पेन ड्राइव्हवरचा फोटो विंडोजमध्ये कॉपी करा: ‘क्रिएटेड’समोर आजची तारीख येते, ‘मॉडिफाइड’समोर जुनीच राहते. म्हणजे फाइल जन्मण्याआधीच दुरुस्त झाली! दिसायला हास्यास्पद, पण नियमाला धरून आहे. या डिस्कवर ती खरोखरच आज जन्मली. लिनक्सच्या साध्या कॉपी आज्ञेत तर ‘मॉडिफाइड’ही आजचीच होते. आडवा फोटो कॉम्प्युटरवर उभा करून ठेवला तरी तारीख बदलते. एक्सेलच्या ज्या शीटमध्ये आजची तारीख आणणारं सूत्र असतं, ती नुसती उघडून बंद केली तरी ‘सेव्ह करू का?’ विचारते. आपण सवयीने हो म्हणतो.

व्हॉट्सॲपने आणखी गोंधळ घातला. मोबाइलचा कॅमेरा फोटो काढताना तारीख-वेळ प्रत्यक्ष फोटोच्या फाइलमध्ये कोरतो; तिला एक्झिफ म्हणतात. कॉपी करून ती बदलत नाही. पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ती गळून पडते. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’च्या आधी दिसणारे आकडे ॲपने फाइल हाताळली त्या दिवसाचे असतात, फोटो काढल्याचे नव्हेत. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर एक्झिफ टिकते. कुणी पुराचा जुना फोटो मागितला, तर तो असाच पाठवा.

पेन ड्राइव्हची स्वतःची एक खोड आहे. त्यांतले अनेक फॅट32 या जुन्या पद्धतीने आखलेले असतात. ती फक्त भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहिते, कोणत्या देशाची ते लिहीत नाही, आणि बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी मोजते. त्यामुळे बॅकअपचं एखादं सॉफ्टवेअर सेकंदभराचा फरक पाहून सगळ्याच फायली ‘बदललेल्या’ ठरवतं. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर यूटीसी असते. साताऱ्याहून हिवाळ्यात म्युनिकला नेलेल्या अशा डिस्कवरची सकाळी 10 ची फाइल तिथल्या कॉम्प्युटरवर पहाटे 5:30 ची दिसते. शेजारच्या फॅट32 पेन ड्राइव्हवरची तीच फाइल 10 चीच. यातली पहिली खरी. दुसरी घरच्यासारखी दिसते एवढंच.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये तर घड्याळच बंद पडलेलं असतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल संपला, की वीज जाताच तारीख कारखान्यात ठरवलेल्या दिवसावर परतते. त्या दिवशीच्या सगळ्या फायली मग कित्येक वर्षांपूर्वीच्या ठरतात.

हे कोर्टात गेलं तर? 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात एका उमेदवाराचे अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी 3 च्या मुदतीत आले की नंतर, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश मजकुरावरून काढतात. मजकुरातला एक ठिपका बदलला तरी ते पार बदलतं. नाव किंवा बाहेरच्या नोंदीतली तारीख बदलली तर तसूभरही हलत नाही. त्यामुळे हॅश जुळलं तर दोन प्रती एकच आहेत एवढं कळतं. फाइल केव्हाची, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी साक्षीदार, कॅमेरा आणि त्या कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं तपासावं लागतं.