मुले मोजली का?

शाळेची सहल नेलेल्या शिक्षकाला एक काम पक्के ठाऊक असते. गाडी सुटण्यापूर्वी मुले मोजायची. वलगावच्या बाजूला नोकरीला असताना आमची सहल बहुधा चिखलदऱ्याला जाई. अशाच एका सहलीत, पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर, मी देवी पॉइंटला मुले मोजलीच नाहीत. गाडी भरलेली दिसत होती, अंधार पडायला आला होता. घाट उतरून परतवाड्याला चहासाठी थांबलो, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एक जन मांगंच राह्यला जी."

मुलगा दुसऱ्या एका शाळेच्या गाडीत बसून सुखरूप आला. पण दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. मला मोजता येत नव्हते असे नाही. मोजायचे राहून गेले. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला ही गोष्ट घाटाच्या वरच माहीत होती. सरांना मध्येच कसे सांगायचे, म्हणून तो तासभर गप्प बसला होता.

रुग्णालयात होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच याच जातीच्या असतात. शस्त्रक्रियेचे उदाहरण घेऊ. कातडी कापली की जखमेत जंतू शिरण्याची वाट मोकळी होते. म्हणून अनेक शस्त्रक्रियांत आधीच प्रतिजैविक देतात. पण औषध रक्तातून त्या जागेच्या पेशींपर्यंत पोचलेले हवे, आणि तेही चाकू लागण्याच्या वेळी. यासाठी ते कापण्याआधीच्या ६० मिनिटांत द्यायचे असते. फार आधी दिले तर त्याचा जोर ओसरतो, नंतर दिले तर जंतूंना आघाडी मिळते. हे प्रत्येक शल्यचिकित्सकाला माहीत असते. तरी घाईत ते राहते, कारण भूलतज्ज्ञाला वाटते परिचारिकेने दिले असेल, परिचारिकेला वाटते वॉर्डातच दिले असेल. डावे-उजवे चुकणे, पोटात कापडाची घडी राहणे, हेही असेच घडते. ज्ञान कमी पडलेले नसते.

यावरचा उपाय विमानांकडून आला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडाले आणि थोड्याच वेळात कोसळले. त्यात दोघांचा बळी गेला. यंत्रात बिघाड नव्हता. विमान उभे असताना शेपटीचे हलते भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहिला होता. चालवणारा वैमानिक अतिशय अनुभवी होता. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणापूर्वी वाचायची एक छोटी यादी केली. हीच चेकलिस्ट.

शस्त्रक्रियागृहात ही कल्पना जगभर नेण्यात पुढाकार होता डॉ. अतुल गावंडे यांचा. ते बॉस्टनचे शल्यचिकित्सक. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे. म्हणजे आपल्या शेजारचेच. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी तयार केली. ती तीन वेळा थांबून मोठ्याने वाचायची: भूल देण्यापूर्वी, कापण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची. कशाची ॲलर्जी आहे का. रक्तस्राव किती होईल. प्रतिजैविक दिले का. शेवटी सुया आणि कापडाच्या घड्या मोजल्या का.

यातला एक मुद्दा वरवर पोरकट वाटतो. कापण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. पण मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जो एकदा बोलला तो दुसऱ्यांदा बोलायला कमी कचरतो. मागच्या बाकावरच्या मुलाला घाटावरच तोंड उघडता यावे, याची ती सोय आहे.

दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादीची परीक्षा झाली. यादीपूर्वीचे ३,७३३ आणि नंतरचे ३,९५५ रुग्ण तपासले. गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

विज्ञानाच्या शिक्षकाला येथे शंका यायला हवी. ही तुलना आधी-नंतरची आहे. यादी न वापरणारी रुग्णालये शेजारी ठेवून पाहिलेले नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतात यादी सक्तीची झाल्यावर १०१ रुग्णालयांची आकडेवारी तपासली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मृत्यूंमध्ये म्हणण्याजोगी घट दिसली नाही. गंमत अशी, की यादी जवळजवळ प्रत्येक वेळी भरल्याची नोंद मात्र होती! हजेरीपटावर सह्या पूर्ण आणि वर्ग रिकामा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

उत्तर प्रदेशातील अनुभव अधिक विचार करायला लावणारा आहे. तेथे १२० आरोग्य केंद्रांत बाळंतपणासाठीच्या यादीचा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत यादीबरोबर शिकवणारी माणसे ठेवली, निम्म्यांत नाही. सुरुवातीच्या दोन महिन्यांनंतर पाहिले तेव्हा पहिल्या गटात शंभरांपैकी सुमारे ७३ आवश्यक कामे होत होती, दुसऱ्यात सुमारे ४२. शिकवणारे गेल्यावर पहिला आकडाही घसरून ६२ च्या आसपास आला. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. गावंडे त्या अभ्यासकांपैकीच एक होते. नको असलेले उत्तर त्यांनी दडवले नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावे. माझा अंदाज असा, की हात धुणे, रक्तदाब मोजणे यादी करवून घेऊ शकते. पण अडलेल्या बाईला रक्त, शस्त्रक्रिया आणि वेळेवर गाडी लागते. ती यादीत लिहून मिळत नाहीत.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग. प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा पेटवण्यापूर्वीची सात-आठ मुद्द्यांची यादी मुलांनाच करू द्या. एकाने वाचायची, दुसऱ्याने हाताने दाखवायचे. आठवड्याने एखाद्या दिव्यातली वात गुपचूप काढून ठेवा आणि "वात ठीक" असे न पाहता किती जण म्हणतात ते मोजा.