सोमवारीच का बसते व्हॅनची बॅटरी?

शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांना सोमवारच्या सकाळची धास्ती असते. साडेसहाला पहिलं मूल घ्यायचं असतं आणि चावी फिरवली की इंजिनाऐवजी नुसती कटकट ऐकू येते. मग वॉचमनला हाक, शेजारच्या रिक्षावाल्याला हाक, धक्का. कोपऱ्यावर गणवेशातली मुलं ताटकळलेली, त्यांच्या आयांचे फोनवर फोन. दुपारी व्हॅन बॅटरीवाल्याच्या दुकानापुढे उभी राहते. तो मीटर लावतो आणि सांगतो, "बॅटरी गेली, काका." चार हजारांच्या आसपास खर्च होतो, नवी बॅटरी बसते, दोन महिने बरे जातात. आणि एका सोमवारी पुन्हा तीच कटकट.

नवी बॅटरी दोन महिन्यांत बसत असेल तर दोष बहुधा बॅटरीत नसतो. तो गाडीत कुठेतरी असतो आणि बॅटरी त्याला बळी पडत असते. हे ओळखायला गॅरेजभर यंत्रं लागत नाहीत. काहीशे रुपयांचं मल्टिमीटर आणि दोन रात्रींचा धीर एवढं पुरतं. या दोन रात्री न दिल्यामुळे कमी मिळकतीच्या माणसाचे हजारो रुपये वाया जातात, आणि म्हणूनच ही तपासणी नीट समजून घ्यायला हवी.

गाडीची बॅटरी मुळात जुनी वस्तू आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची आणि सल्फ्युरिक आम्लाची पहिली पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. आजच्या व्हॅनमध्ये तत्त्व तेच आहे. आत सहा सेल असतात, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली आणि निवांत बसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. पुष्कळांची गफलत इथेच होते. मीटरवर १२ आकडा दिसला की "बारा व्होल्ट आहेत, बॅटरी ठीक आहे" असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. सगळा खेळ अर्ध्या व्होल्टाचा आहे, म्हणून दशांश चिन्हापुढचा आकडा पाहायचाच.

तो कधी पाहायचा, हेही महत्त्वाचं. गाडी नुकतीच चालून आली असेल तर बॅटरी वरवर फुगलेला आकडा दाखवते. गाडी बंद करून काही तास जाऊ द्यावेत, किंवा हेडलाइट दोनेक मिनिटं लावून विझवावेत आणि मग मोजावं. मीटरवर १०.५ च्या आसपास आकडा दिसला आणि चार्जिंगला लावूनही तो वर सरकेना, तर सहापैकी एक सेल गेलेला असतो. तिथे मात्र दुकानदार खरा ठरतो.

दुसरी फसवणूक उलट्या बाजूची. काही बॅटऱ्या बसल्या जागी ऐटीत १२.६ दाखवतात आणि सेल्फ मारला की कोसळतात. म्हणून एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने त्याच वेळी मीटरवर डोळा ठेवावा. सेल्फ ओढत असताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीत जोर उरलेला नाही किंवा ती रिकामी आहे. त्या कटकटीचा अर्थही इथेच लागतो. चावी फिरवली की सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा चुंबकी स्विच, आत ओढला जातो, सेल्फची मोटर शंभरहून अधिक अँपिअर मागते, बॅटरीचे व्होल्ट ढासळतात, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्ट सावरतात आणि तो पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला कित्येकदा घडतं. एकच ठसठशीत 'टक्' होऊन शांतता पसरली तर संशय आधी टर्मिनलवर किंवा सेल्फच्या आतल्या कॉन्टॅक्टवर घ्यावा.

पुढची पायरी डायनॅमोची. गाडीत गेली कित्येक वर्षं अल्टरनेटर बसतो, पण गॅरेजमध्ये नाव जुनंच टिकून आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजलं तर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. इंजिन चालू असूनही १२.४ वर काटा अडला असेल तर चार्जिंग होतच नाही. पट्टा सैल असेल, कार्बन झिजले असतील किंवा रेग्युलेटर गेला असेल. आकडा १५ च्या वर गेला तर बॅटरी उकळते, पाणी संपतं, प्लेटा खराब होतात.

टर्मिनलांवर साचलेली पांढरट-हिरवी भुकटी सगळ्यांनाच दिसते. खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी घेऊन ती धुऊन काढावी. क्लॅम्प उतरवताना आधी निगेटिव्ह काढावा आणि लावताना तो शेवटी लावावा. न दिसणारा दोष असतो तो अर्थिंगचा. बॅटरीची काळी वायर गाडीच्या अंगाला आणि इंजिनाला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे पावसाळ्यात गंज चढतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तो लवकर चढतो. जुने इलेक्ट्रिशियन यावर साधी युक्ती करतात. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावतात. आधी रेंगाळणारा सेल्फ आता जोरात फिरला तर बॅटरीचं निदान तिथेच रद्द होतं.

हे सगळं ठीक असेल आणि तरीही बॅटरी बसत असेल, तर दोन रात्रींचा प्रयोग करावा. पहिल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करून, थोडी विसावू देऊन आकडा लिहून ठेवायचा आणि निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवायचा. गाडीशी तिचा काही संबंध उरत नाही. सकाळी पुन्हा मोजायचं. दुसऱ्या रात्री हेच सगळं, पण क्लॅम्प लावलेला. सुटी बॅटरी सकाळी १२.६ च्या जवळ राहिली आणि जोडलेली खाली घसरली, तर गाडी करंट खाते आहे. सुटी असतानाच ती घसरली, तर दोष तिच्याच पोटात आहे. ज्याच्याकडे अँपिअर मोजण्याची हिंमत किंवा साधन नाही, त्यालाही एवढ्यावरून नवी बॅटरी घ्यावी की नाही हे ठरवता येतं.

आता सोमवारकडे वळू. ओम्नी किंवा ईको जातीची, साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असलेली एक शाळेची व्हॅन डोळ्यांसमोर आणावी. पालकांच्या मागणीवरून तिच्यात जीपीएस बसवला आहे, आत कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर आहे. बसवणाऱ्याने घाईत रेकॉर्डरची वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवर जोडली. चावी बंद केली तरी तो चालूच. सगळं मिळून ०.३ अँपिअर जातात असं धरू. एवढासा करंट कुणाच्या खिजगणतीतही नसतो. सोमवार ते गुरुवार रात्री व्हॅन बारा तास उभी असते. ०.३ गुणिले १२ म्हणजे ३.६ अँपिअर-अवर. सकाळी सेल्फ सहज लागतो आणि दिवसभराच्या फेऱ्यांत तूट बरीचशी भरून निघते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला लावलेली व्हॅन मात्र सोमवारी सकाळी सहालाच हलते. मधले तास साठ. ०.३ गुणिले ६० म्हणजे १८ अँपिअर-अवर, बॅटरीतल्या साठ्याच्या निम्म्याहून जास्त.

वार पाहून बसणाऱ्या बॅटरीचं कोडं या एका गुणाकारात सुटतं.

पुढचं नुकसान हळूहळू होतं. सेल्फसाठी बनवलेल्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. थोडा वेळ प्रचंड करंट द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचं, याचसाठी ती असते. खोलवर रिकामं होणं तिला सोसत नाही. रिकाम्या अवस्थेत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि ते पूर्वीसारखे विरघळत नाहीत. दर आठवड्याला निम्मी रिकामी होणारी ३५ची बॅटरी काही महिन्यांत २०च्या तोलाची उरते. मग सोमवारबरोबर बुधवारीही धक्का लागतो. या टप्प्यावर दुकानदाराचं मीटर "बॅटरी गेली" म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. ती का गेली, हे मात्र त्या मीटरला विचारलेलं नसतं.

गाडी बंद असताना करंट खाणारा हा चोर शोधण्याची पहिली पद्धत फुकटची आहे. काळोख्या रात्री गाडी बंद करून भोवती एक फेरी मारायची. ब्रेकचा स्विच अडकून मागचे दिवे लागलेले राहिले तर २१ वॉटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर खातात. भरलेली बॅटरी दहा तासांत संपते. सरकतं दार पूर्ण बसलं नाही आणि आतला दिवा दाराच्या स्विचवर असला, तर पाच वॉटचा तो बल्ब ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे आपल्या रेकॉर्डरहून जास्त. बंद कप्प्यातला दिवा विझतो की नाही हे पाहायचं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो कप्प्यात ठेवावा आणि कप्पा लावून घ्यावा.

दुसरी पद्धत मीटरची. निगेटिव्ह क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरच्या खुंटीवर लावायचं आणि क्लॅम्प व बॅटरीच्या मध्ये धरायचं, म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाईल. या अवस्थेत चावी फिरवायची नाही. सेल्फचा करंट मीटरचा फ्यूज उडवेल. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, असलेल्या गाड्यांना झोपी जायला वेळ लागतो, तेव्हा दारं बंद करून अर्धा तास थांबावं. त्यानंतर २० ते ५० मिलिअँपिअर दिसले तर ते रास्त आहे. घड्याळ, रेडिओची मेमरी, ईसीयू यांना तेवढं लागतंच. तीनशे दिसले तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला हात लावताच आकडा झपकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे.

आपल्या व्हॅनमध्ये मात्र सगळे फ्यूज काढूनही आकडा हलणार नाही. रेकॉर्डरची वायर फ्यूजबॉक्सला वळसा घालून बॅटरीवर आली आहे ना! अशा वेळी टर्मिनलवरच्या जास्तीच्या वायरी मोजाव्यात. गाडी कंपनीतून आली तेव्हा तिथे किती होत्या आणि आता किती आहेत, एवढा हिशेब पुष्कळदा पुरतो. तिथेही काही सापडलं नाही, तर अल्टरनेटर उरतो. त्याच्या पोटातला एखादा डायोड गळका झाला की बॅटरीतला करंट रात्रभर उलटा त्याच्यात मुरतो. पहाटे, गाडी सुरू करण्याआधी, अल्टरनेटरला हात लावावा. सगळं इंजिन गार आणि तो एकटाच कोमट लागला तर गुन्हेगार सापडला.

आपल्याकडे या दुखण्याला ऋतूही आहे. थंड मुलखांत लोक हिवाळ्याला दोष देतात. इथे बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा. उष्णतेने आतली झीज वेगाने होते, बॅटरी आपोआप रिकामी होण्याचा वेगही वाढतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी, व्हॅन उन्हात उभी. अगदी रास्त मानलेले ३० मिलिअँपिअर जरी सहा आठवडे चालू राहिले तरी ३० अँपिअर-अवर संपतात. मग जूनमध्ये शाळा उघडते, पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम लागतं, वाहतूक मुंगीच्या पावलांनी चालते आणि कमी फेऱ्यांवर फिरणारा अल्टरनेटर या मागणीला जेमतेम पुरा पडतो. मेमध्ये झालेली इजा जूनमध्ये उघडी पडते. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि व्हॅन महिनोन् महिने जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा हाच हिशेब फार मोठ्या प्रमाणावर लागू पडला. मोठ्या सुट्टीत निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवला तर ही गळती थांबते, आणि त्याला एक पाना आणि दोन मिनिटं लागतात.

धक्क्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कार्बोरेटरच्या जुन्या ओम्नीला धक्का पावत असे. इंजेक्शनच्या व्हॅनला पेट्रोलचा पंप आणि ईसीयू चालवायला थोडे तरी व्होल्ट लागतात. बॅटरी पार बसली असेल तर धक्का देणाऱ्यांचा दम जातो आणि गाडी तशीच राहते. जंपर केबल लावणं बरं. फक्त शेवटचं काळं टोक बसलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या लोखंडाला लावावं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. ती बॅटरीपासून लांब पडलेली बरी. गाडी सुरू झाली तरी अल्टरनेटरवर भिस्त ठेवू नये. ३५ची बॅटरी साडेतीन अँपिअरच्या संथ चार्जरवर रात्रभर लावली तरच ती खऱ्या अर्थाने भरते.

नाहक बदललेल्या बॅटरीचा भार पैशांवरच थांबत नाही. प्रत्येक बॅटरीत काही किलो शिसं असतं, आणि जुनी बॅटरी नियम धाब्यावर बसवणाऱ्या भट्टीत फुटली तर ते हवेत, मातीत आणि आसपास राहणाऱ्या मुलांच्या रक्तात उतरतं. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरीही जी बॅटरी अजून तीन वर्षं चालली असती तिला भट्टीचा रस्ता दाखवणं टाळता येण्याजोगं आहे.

आपल्या व्हॅनमधला रेकॉर्डर मात्र काढायचा नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तो आहे. त्याची वायर बॅटरीवरून उचलून, फ्यूज आणि रिले घालून, चावीच्या मागे जोडायची. अर्ध्या तासाचं काम. जीपीएसला रात्रीही करंट लागतोच, पण तो झोपेत गेला की काही मिलिअँपिअरवर भागतं. मग शुक्रवारी रात्री, गाडी निवली की, १२.६० आणि सोमवारी पहाटे १२.५६ असे आकडे वहीत उतरवायचे. असे चार सोमवार लिहून झाले की वॉचमनला झोपू द्यायला हरकत नाही.