मुलीला विचारलंत का?

शेजारच्या भाभींच्या लेकीची मंगनी झाली, तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा आमच्या घरी आला होता. अंगठी झाली, दोन्हीकडचे कपडेलत्ते झाले, आणि चार महिन्यांनी मंगनी मोडली! लग्नानंतर मुलीने नोकरी सोडावी, असा मुलाकडच्यांचा हट्ट. आमच्याकडे साखरपुडा मोडता तर घरावर सुतककळा आली असती. मी धीर द्यायला गेले, तर भाभीच माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाल्या, "ताई, मंगनी म्हणजे नुसता वायदा. निकाह थोडाच झाला होता?"

वर्षाच्या आत दुसरे स्थळ जमले. लग्नाच्या तयारीत मी घरचीच होते. काझीसाहेब बोलणी करायला आले, तेव्हा मी मनातल्या साऱ्या शंका विचारून घेतल्या.

मंगनीने कोणी नवराबायको होत नाही. एकाची मागणी मान्य झाली असेल तर दुसऱ्याने मध्ये पडू नये, लग्नाआधी मुलाने मुलीला पाहून घ्यावे, अशी पैगंबरांची शिकवण. वचन मोडणे चांगले नाही. पण त्यासाठी नकोसे लग्न गळ्यात घ्यावे, असेही बंधन नाही.

निकाह हा मात्र करार. आपल्या सप्तपदीसारखा विधी त्यात नाही. एका बाजूने प्रस्ताव, त्याच बैठकीत दुसऱ्या बाजूने स्वीकार, म्हणजेच इजाब आणि कबूल. सुन्नी हनफींत दोन पुरुष, किंवा एक पुरुष व दोन स्त्रिया साक्षीला हव्यात. शियांत साक्षीदारांवाचूनही निकाह वैध. हनफींत सज्ञान मुलीची संमती पुरते. कोकणातले बरेच मुसलमान शाफई, त्यांच्यात बाप किंवा तसा वलीही लागतो. आणि मेहेर! मी तिला मुलीची किंमत समजत होते. ती बापाला मिळत नाही. ती बायकोच्या हक्काची. काही लगेच द्यायची, काही मागे ठेवायची, असेही ठरवता येते.

भाभी आता पोळलेल्या होत्या. निकाहनाम्यात त्यांनी दोन शर्ती घालायला लावल्या. मुलगी नोकरी करील. आणि नवऱ्याने ती सोडायला भाग पाडले, तर त्याने दिलेल्या अधिकाराने ती स्वतः तलाक घेऊ शकेल. याला तफवीज म्हणतात. वाजवी शर्ती असल्या तर आपली न्यायालयेही तो मानतात. मुलाचे चुलते जरा गुरगुरले, पण मुलगा म्हणाला, "लिहा."

भाभींचे काही चुकले का? तोंडी तलाकाविरुद्ध हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुसलमान स्त्रिया मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या, ते १९६६ साल. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला २०१७ साली, आणि त्याला शिक्षा देणारा कायदा आला २०१९ साली. इतकी वर्षे वाट पाहण्यापेक्षा लग्नाच्याच कागदावर दोन ओळी लिहून घेतलेल्या काय वाईट?

निकाहाच्या दिवशी मी आतल्या खोलीत मुलीपाशी बसले होते. वकील म्हणून तिचे मामा आणि दोन साक्षीदार आत आले. मुलाचे नाव, मेहेरची रक्कम सांगून मामांनी विचारले, "कबूल आहे?" कुमारिकेचे मौनही संमती धरतात, हे मला ठाऊक होते. पण पोरीने मान वर केली आणि दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कबूल आहे."

माझे डोळे भरून आले. माझ्या लग्नात अंतरपाटाअलीकडे मी खाली मान घालून उभी होते. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. तुला हा मुलगा पसंत आहे का, हे मला कुणी विचारले नव्हते, त्या दिवशीही नाही अन् त्याआधीही नाही. तसा संसार सुखाचाच झाला. पण विचारले नव्हते, हे खरे.

घरी आले, तर आमच्या लेकीसाठी आलेली पत्रिका घेऊन 'हे' बसले होते. "छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळताहेत!" मी पत्रिका मिटवून ठेवली आणि म्हटले, "आधी तिला हाक मारा."