दूरचा हुकूम, ओळखीची पारख

सतराव्या शतकात सुरतेच्या सराफाची हुंडी आग्र्यात वटत असे. तिथला सराफ ती खरी असल्याची खातरजमा करूनच पैसे मोजायचा. दूरच्या संगणकाला हुकूम देतानाही अशी पारख लागते.

१९८३ च्या बर्कली युनिक्समधले ‘आरसीएमडी’ हे फंक्शन पलीकडच्या यंत्रावर आज्ञा चालवते. तिथे ‘आरयूजरओके’ विश्वासू यंत्रांची यादी पाहते. हुकूम देणाऱ्या यंत्राचे नाव त्यात सापडले की पासवर्डही विचारला जात नाही! भरवसा एवढाच, की हुकूम १०२४ च्या खालच्या पोर्टवरून येतो आणि तसे पोर्ट फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाला, वापरता येते. पण स्वतःच्या संगणकावर कुणीही रूट होऊ शकतो, म्हणून हे फार धोक्याचे. ‘आरएक्झेक’ हे दुसरे फंक्शन पासवर्ड मागते, पण तो तारेवरून उघडाच जातो.

१९९५ साली फिनलंडच्या तातू यूलोनेन यांनी दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणारे एसएसएच लिहिले. त्यात संवाद कूटबद्ध होतो आणि पलीकडचे यंत्रही किल्लीने स्वतःची ओळख पटवते.