यंत्रालाच विचारा

बैल घ्यायचा असला म्हणजे आपण काय करतो? दलाल म्हणतो, "जनावर तरणं आहे, घ्या डोळे मिटून." आपण डोळे मिटून पैसे मोजतो का? नाही. बैलाचे दात पाहतो.

जुना संगणक घेतानाही असेच करावे. आम्ही केले नाही आणि फसलो. आमच्या वर्गासाठी एक जुना संगणक घेतला. विकणारा म्हणाला, "मेमरी आठ जीबी आहे." वर्गात आणून पाहिले, तर चारच! पैसे गेले, पण अक्कल आली. ती तुम्हाला सांगतो.

हाताला लागते ते यंत्र, म्हणजे हार्डवेअर. त्या यंत्राकडून काम करून घेणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हा असा एक कारभारी. दोघांची माहिती संगणक स्वतःच देतो.

विंडोजच्या संगणकाला कसे विचारायचे? कीबोर्डवर चार खणांच्या खिडकीचे चित्र असलेले बटण असते. ते दाबून धरा आणि इंग्रजी 'आर' दाबा. एक लहान चौकट उघडेल. तीत 'सी, एम, डी' ही अक्षरे लिहा आणि एंटर दाबा. आता काळी खिडकी उघडेल. तीत लिहा: एस, वाय, एस, टी, ई, एम, आय, एन, एफ, ओ. अक्षरांमध्ये जागा सोडू नका. एंटर दाबा आणि जरा थांबा.

बऱ्याच ओळी दिसतील. त्यांतल्या दोन नीट वाचा.

'ओएस नेम' या ओळीत कारभाऱ्याचे नाव असते. तिथे विंडोज १० दिसले तर विचार करा. त्याला कंपनीने दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

'टोटल फिजिकल मेमरी' या ओळीत मेमरी किती ते कळतं. आकडा एमबीत असतो. १०२४ एमबी म्हणजे १ जीबी. आठ जीबी असेल तर आकडा ८१९२ च्या थोडा खाली येतो. ४०९६ च्या आसपास आला, तर मेमरी चारच जीबी समजा.

साठवणीची डिस्क केवढी आहे, ते मात्र इथे दिसत नाही. ते वेगळे तपासून घ्या.

या हुकमाने काही पुसलं जात नाही, बिघडत नाही. संगणक नुसती माहिती दाखवतो. म्हणून भिऊ नका, लाजू नका. विकणाऱ्यासमोरच विचारा. आधी यंत्राचे उत्तर वाचा, मग पैसे मोजा.