टाके, साखर आणि वीज

रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यात पाळीभर सेफ्टी शूज घालून उभ्या राहणाऱ्या मधुमेही कामगाराची पायाची शस्त्रक्रिया टाके निघाले म्हणून संपत नाही. साखर चढी असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि बूट कुठे घासतोय हे बधिर तळव्याला कळतच नाही.

जखमेत मुळात वीज असतेच. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी १८४३ मध्ये स्वतःच्या बोटाला झालेल्या जखमेतला प्रवाह मोजला होता. त्वचेच्या पेशी अशा प्रवाहाच्या रोखाने सरकतात; जखमेला बाहेरून सौम्य प्रवाह देण्याच्या उपचारामागे हाच विचार. विजेइतकीच चर्चा क्षारांचीही होते: नव्या पेशी घडायला जस्त लागतं. मॅग्नेशियम मधुमेहींमध्ये अनेकदा कमी आढळतं.

तरीही मधुमेही पायासाठीचा आंतरराष्ट्रीय कार्यगट पायाच्या जखमांवर नेहमीच्या उपचारांऐवजी वीज वा क्षारांच्या गोळ्या सुचवत नाही, आणि ते योग्यच आहे. तपासणीत कमतरता दिसली तरच गोळी घ्यावी. जास्तीच्या जस्ताने शरीरातलं तांबं घटतं. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) शक्यतो ८ टक्क्यांखाली आणा. पेसमेकर असेल तर विद्युत उपचाराआधी डॉक्टरांना सांगा. टाके ओलसर दिसले किंवा वास आला, तर पाळी संपायची वाट न बघता दवाखाना गाठा.